चाकाला टेकून

लोकांना नीट बसवणं हेच जिचं आयुष्यभराचं काम, त्या बाईला स्वतःला धड बसता येत नव्हतं. गुडघे गेलेले, कंबर धरलेली. खाली वाकलं की वर येताना टेबलाची कड धरावी लागे, आणि वर आल्यावर "चला, उभी आहे अजून," असं स्वतःशीच पुटपुटायची सवय लागली होती. केंद्रात सगळे त्यांना गादीताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वेळी ऐकू येई तेवढंच.

पाठीच्या कण्याला मार लागून ज्यांचं कमरेखालचं, कुणाचं छातीखालचं अंग लुळं पडलंय, बधिर झालंय, अशा माणसांसाठीचं ते केंद्र. तळमजल्यावर जिन्याच्या मागे गादीताईंची खोली. व्हीलचेअरच्या गाद्या तिथे कापल्या जात, पाठीचे आणि कुशीचे आधार तिथे वाकवून बसवले जात. खोलीला कायम फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आणि हवेत फोमचा भुसा. हा भुसा केसांत जाऊन बसे. घरी थोरली बहीण ताट वाढायच्या आधी त्यांच्या डोक्यावर दोन टपल्या मारून तो झाडायची आणि मग म्हणायची, "हं, आता जेव."

गादीताईंचे वडील बसच्या सीटा शिवत. सुई, दोरा आणि फोम त्यांनी लेकीच्या हातात दिला. बाकीचं तिला शेकडो माणसांच्या बुडांनी शिकवलं, असं त्या स्वतःच हसत सांगत. नव्या डॉक्टर मंडळींना हे ऐकून अवघडायला होई. त्यांना अवघडलेलं बघायला ताईंना मजा वाटे, आणि मजेच्या जागा त्या कामात तशा कमीच.

बसण्यात काय एवढं, असं धडधाकट माणसाला वाटतं. धडधाकट माणूस लग्नाच्या पंगतीत असो की कचेरीच्या बाकावर, बुडाला रग लागली की आपोआप सरकतो, मांडी बदलतो, आणि आपण सरकलो हे त्याला कळतही नाही. ज्याला रगच कळत नाही तो काय करणार? तो बसून राहतो. बसायची दोन हाडं आतून कातडीवर रुतत राहतात. आधी लाल डाग पडतो, मग तो काळपट होतो, मग कातडी फाटते आणि जखम आत आत जात हाडापर्यंत पोचते. मग उपाय एकच, पालथं पडून राहायचं, आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने. म्हणून केंद्रात प्रत्येकाला एक गोष्ट घोकून शिकवलेली असते. ठरावीक वेळाने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवायचे आणि अंग वर उचलून धरायचं, म्हणजे दबलेल्या कातडीला रक्त मिळतं. विसरायला नको म्हणून फोनमध्ये गजर लावायचा.

दाब कुठे पडतो हे रंगांनी दाखवणारी एक चटई केंद्रात होती, पण गादीताईंचा खरा भरवसा हातावर. बसलेल्या माणसाच्या खाली तळहात वर करून सरकवायचा आणि हाडाखाली किती फोम उरलाय ते बोटांनी बघायचं. इतकी वर्षं इतक्या माणसांखाली हात चेपून चेपून त्यांच्या उजव्या हाताची पेरं सुजलेली होती. कुणी विचारलं तर म्हणत, "लोकांची वजनं आहेत ती. उतरली नाहीत अजून."

माणसांना त्या धंद्यावरून हाक मारत. वरच्या मजल्यावर रुग्णांना मोडलेल्या मणक्याच्या नंबराने ओळखायची पद्धत होती, ती ताईंना खपत नसे. त्यांच्या खोलीत शिरला की माणूस पुन्हा शिंपी व्हायचा, ड्रायव्हर व्हायचा, शाळामास्तर व्हायचा. आणि वायरमन तर वायरमनच. विजेच्या खांबावरून पडून त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. छातीच्या खाली काही कळत नव्हतं, पण हात लोखंडी आणि जीभ तिखट. घरी बसून लोकांचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. बायको लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करायची. "मी इस्त्र्या बऱ्या करतो आणि ती त्या फिरवून परत बिघडवते. आमचा संसार असाच चालतो," असं तो म्हणायचा आणि बायको हसायची.

मागे एकदा त्याला अशी जखम झाली होती. तेव्हा तो इतके दिवस पालथा होता की शेवटी बोलेनासा झाला. बायको ताट घेऊन आली की तोंड भिंतीकडे फिरवायचा. उठून पुन्हा खुर्चीत बसला त्या दिवशी गादीताई खाली गुडघ्यांवर बसून त्याच्या पायांचे आधार लावत होत्या. वरून त्याचा आवाज आला, "ताई, एक सांगून ठेवतो. परत पालथं पडायची वेळ आली, तर त्यातून मी उठणार नाही." धमकी नव्हती ती. हवापाण्याबद्दल बोलावं तशा सुरात बोलला होता. ताईंनी वर न बघता बोल्ट आवळला, पण ते वाक्य त्यांच्या मनातून काही गेलं नाही.

आणि आता त्याच्या बसायच्या डाव्या हाडावर डाग आला होता. कातडी फाटली नव्हती, पण लाली जात नव्हती. बोट दाबून उचललं तरी ती तशीच राहायची. केंद्रातल्या डॉक्टरबाईने तो दाखवला तेव्हा गादीताईंना ते जुनं वाक्य आठवलं.

त्यांनी वायरमनला चटईवर बसवलं. पडद्यावर सगळं निळं-हिरवं, एक लाल ठिपका नाही. हात घालून बघितलं, फोम भरपूर. कंबर सरळ, पाठ आधाराला टेकलेली, कुठे नाव ठेवायला जागा नाही. तरी त्यांनी डाव्या बाजूचा फोम थोडा कोरला, मऊ तुकडा भरला आणि पाठवून दिलं. पुढच्या खेपेला डाग तसाच. मग आणखी कोरलं. त्याच्या पुढच्या खेपेला डागाची कड गडद झालेली.

डॉक्टरबाई तरुण होती, पण शहाणी होती. शिष्ट नव्हती. तिने जिन्याखाली येऊन विचारलं, "ताई, गादी कुठे चुकतेय का?"

"गादी चुकलेली नाही," ताई फटकन म्हणाल्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"मी दोष देत नाहीये. मलाही कळत नाहीये, म्हणून विचारतेय. अजून आठवडाभर बघू. फिकट झाला नाही तर त्यांना पालथं झोपवावं लागेल. दुसरा इलाज नाही माझ्याकडे."

गादी बरोबर असेल तर चूक घरातच असणार, असं ताईंनी ठरवून टाकलं, आणि घरात म्हणजे कुणाची हे सांगायला नको. त्यांनी वायरमनच्या बायकोला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं. खोळ धुऊन उलटी घालतेस का? गादीवर चादर घडी करून टाकतेस का? गादी फिरवून ठेवतेस का? ती बिचारी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत उभी होती. डोळ्यांखाली काळं, हातांवर इस्त्रीचे जुने चटके. प्रत्येक प्रश्नाला "नाही हो ताई" म्हणाली आणि शेवटी म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल. तुम्ही सांगाल तसं करीन." एवढं निमूट कबूल केल्यावर भांडायचं तरी कुणाशी? ताईंचा राग कुठे ठेवावा ते त्यांनाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वायरमनच्या घरी गेल्या. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, केंद्रात यायचं तर शेजारची पोरं वायरमनला खुर्चीसकट खाली उतरवत. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर उघडा पडलेला मिक्सर. बायको कामावर गेलेली. वायरमन टेबलाशी बसलेला, छान सरळ. फोनचा गजर वाजला, त्याने अंग उचललं, धरलं, खाली ठेवलं. परत वाजला, परत उचललं. ताई बराच वेळ बसून राहिल्या, पण चूक सापडेना. केंद्रात आलेला माणूस ताईंसमोर बसतो तो शाळेत साहेब तपासणीला आल्यावर पोरं बसतात तसा, हे त्यांना ठाऊक होतं. पण हा घरीही तसाच बसत होता.

"काय ताई, पोलिसांसारखं काय बघताय?" तो म्हणाला.

"तुमचं बूड चोरी कुठे करतं ते बघतेय."

"मग ते तुमच्यासमोर कशाला करील?"

दोघंही हसले, पण हसण्यात काही दम नव्हता. त्याला आठवडाभराची मुदत माहीत होती. निघताना त्याने "बघा ताई, काय जमतंय ते," एवढंच म्हटलं आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. ताईंना जिना उतरताना आपण किती थकलोय ते पहिल्यांदा नीट कळलं.

दमलेला माणूस विसरतो. ताई आपलं लाकडी माप तिथेच विसरल्या. कमरेची रुंदी घ्यायचं ते माप वडिलांनी करून दिलेलं, त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. संध्याकाळी केंद्रातून सुटल्यावर गुडघ्यांना शिव्या घालत त्या परत त्या जिन्याशी आल्या आणि एकेक पायरी चढून वर गेल्या. दार लोटलेलं होतं. त्यांनी ते हलकेच ढकललं.

वायरमन खोलीच्या मधोमध खुर्चीत बसला होता. त्याच्या डाव्या बाजूला, खाली फरशीवर, पाय पसरून त्याची बायको. तिची पाठ खुर्चीच्या मोठ्या चाकाला टेकलेली, मान कललेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती. लाँड्रीतून आल्यावर चपला काढायच्याही आत बसली असावी, एक चप्पल अजून पायात होती. वायरमन सगळाच्या सगळा डावीकडे झुकला होता. त्याचा डावा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि तळवा तिच्या डोक्यामागे होता. चाकाची कड डोक्याला लागू नये म्हणून त्याने तो मध्ये धरला होता.

ताईंना बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. आवाज बंद केलेला होता. वायरमनने उजव्या अंगठ्याने तो दाबून गप्प केला आणि तसाच बसून राहिला. अंग उचललं नाही.

गादीताई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. सापडलं होतं. इतके दिवस त्यांनी त्या माणसाची रुंदी मोजली, खोली मोजली, पाठीचा बाक मोजला. त्याची संध्याकाळ मोजायची राहिली होती.

त्या दबक्या पावलांनी आत गेल्या. वायरमन कुजबुजला, "हललो तर खुर्ची हलते. खुर्ची हलली की ही उठते."

"रोज?"

"रोज. रात्री मला कुशीवर वळवायला सारखी उठते हो. झोप म्हणून तिला मिळते ती एवढीच. जाग आली की लगेच पदर खोचून कामाला लागते."

"आणि तुमची कातडी?"

"कातडी माझी आहे ना?" तो म्हणाला. मग खाली तिच्याकडे बघत म्हणाला, "ताई, हिला सांगू नका. सांगितलंत तर ही परत टेकणार नाही. जन्मात टेकणार नाही. तुम्हाला माझी शपथ आहे."

ताईंच्या मनात आलं होतं, चांगलं ओरडावं. पण ज्याच्या बायकोची झोप मोडायची नाही त्याच्यावर ओरडणार कसं? त्यांनी टेबलावरचं माप उचललं आणि आल्या तशा बाहेर पडल्या.

घरी थोरल्या बहिणीने भुसा झाडला, ताट वाढलं. ताईंनी घास हातात तसाच धरला.

"गादी जमली नाही का?" बहिणीने विचारलं.

"गादी पहिल्यापासून बरोबर होती. मीच कोरून कोरून बिघडवली. डावीकडे एवढं मऊ केलं की तो अजूनच डावीकडे कलंडायला लागला असणार."

"मग परत कर."

"करते. पण त्याने डाग जायचा नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. वायरमनने शपथ बायकोपुरती घातली होती, बहिणीचं त्यात काही नव्हतं.

बहीण ऐकत राहिली आणि म्हणाली, "तू दुनियेला विचारतेस, कुठे टोचतंय का म्हणून. त्या बाईला विचारलंस का कधी?"

ताईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांना त्या निमूट उभ्या राहिलेल्या बाईची आठवण झाली आणि स्वतःची लाज वाटली. फैलावर घेतलं होतं तिला, आणि तेही कशासाठी, तर खोळीसाठी.

दोन दिवसांनी त्यांनी वायरमनच्या घरी निरोप पाठवला, की गादी नव्याने केलीय, खोळ कशी चढवायची ते दाखवायचंय, वहिनींनी एकट्याने यावं. ती कामावरून परस्पर आली. ताईंनी दार लावलं आणि मापाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ही खुर्ची अवजड होती, तिचं सगळं पुढेमागे, वरखाली होणारं.

"बसा वहिनी."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"धडधाकट माणसाला बसायची बंदी आहे का? बसा. खोळ तिथूनच दिसते."

ती कडेवर टेकली. ताईंनी खांद्याला धरून तिला मागे सरकवलं. सवयीने एक हात तिच्या पाठीमागे गेला आणि कमरेचा आधार जिथे हवा तिथे त्यांनी दाबून धरला. आधार आवळायचा पाना टेबलावर होता. हात सोडला असता तर आधार खाली घसरला असता. "बरं वाटतंय का इथे?" असं त्या विचारणार, तोच बाईने एक लांब श्वास सोडला. "खोळीची चेन," ती म्हणाली, "चेन कुठल्या बाजूला..." आणि वाक्य तिथेच राहिलं. झोपली होती.

गादीताई तशाच उभ्या राहिल्या. अर्धवट वाकलेल्या, एक हात त्या आधारावर. पाना घ्यायला सरकलं तर ती उठणार, हात काढला तर ती घसरणार. गुडघे कळवळून उठले. कमरेतून कळ निघाली ती पोटरीपर्यंत गेली. कुणीतरी दार ढकलून डोकावलं, त्याला ताईंनी नुसत्या डोळ्यांनी हाकललं. मग डॉक्टरबाई आली, दोघींकडे बघितलं, काय समजायचं ते समजली आणि दार लावून गेली. ताईंना घाम फुटला होता. दुखत होतं आणि सोडावंसं वाटत नव्हतं. आपल्या एका हातावर कुणाची तरी झोप टिकून आहे, हे सुख काय असतं ते त्यांना आज कळलं, आणि वायरमनवरचा उरलासुरला राग निघून गेला.

जाग आली तेव्हा बाई दचकली. "अगंबाई! मी झोपले? तुम्ही उठवायचं नाही का?"

ताईंनी हात सोडला आणि टेबलाची कड धरून सरळ झाल्या. "चला, उभी आहे अजून," त्या म्हणाल्या. मग स्टूल ओढून बाईच्या समोर बसल्या. शपथ होती, पण प्रश्न विचारायला शपथेने बंदी केलेली नव्हती. "संध्याकाळी कामावरून गेल्यावर तुम्ही कुठे टेकता?"

"ह्यांनी सांगितलं?"

"मी बघितलं."

"चाकाला टेकते," ती हळू म्हणाली. "आधी खूप झोप लागायची. आता रोज लागतेच असं नाही. एखाद्या दिवशी टक्क जागी असते."

"मग डोळे मिटून का पडता?"

तिने पदराच्या टोकाने हात पुसले, हात कोरडेच होते. "ताई, पडल्यापासून ह्यांचं सगळं मी करते. धुणं-पुसणं, उचलणं, वळवणं. दर वेळी ह्यांचा चेहरा पडतो. दर वेळी म्हणतात, तुला त्रास. एकदा चाकाला टेकल्यावर मी पापण्यांच्या फटीतून वर बघितलं. तर चेहरा असा, पूर्वी कमरेला हत्यारांचा पट्टा लावून घरी यायचे ना, तसा. मला देण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच उरलंय असं त्यांना वाटतं. म्हणून जाग असली तरी मी झोपते."

तो तिच्या झोपेसाठी हलत नव्हता आणि ती त्याच्या समाधानासाठी झोपत होती. दोघांच्या मध्ये त्याची कातडी जळत होती. आणि आठवड्यातले दिवस संपत आले होते.

"फोन थरथरतो तो कळतो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"चाकातून कळतो. माझी झोप मोडू नये म्हणून आवाज बंद केलाय त्यांनी."

"आणि त्यानंतर? खुर्ची हलते?"

बाई विचार करत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "नाही," ती म्हणाली. "नाही हलत. उचललं असतं तर हलली असती. ताई, हलत नाही! इतके दिवस पाठ लावून बसतेय मी, मला कळायला नको?" आणि ती रडायला लागली. मोठ्याने नाही, दमलेलं माणूस रडतं तशी, तोंड न झाकता.

ताईंनी तिला रडू दिलं.

"आजपासून टेकणार नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग ते काय म्हणतील?"

"त्यांना वाटेल तुम्हीच मला सांगितलंत. आणि जागी असते म्हणून सांगायचं, तर इतके दिवस सोंग करत होते हे कळेल." तिने ताईंकडे बघितलं. "तुम्ही तरी सांगा ना, काय करू?"

गादीताईंनी हात टेकले. त्यांच्याकडे सगळ्या तऱ्हेचा फोम होता, मऊ, कडक, मधला. ह्याच्यावर कापून देण्यासारखा एकही तुकडा नव्हता. "मला नाही माहीत वहिनी," त्या म्हणाल्या. "मला गाद्या येतात फक्त." गादी उचलून त्यांनी तिच्या हातात दिली आणि खोळीची चेन मागच्या बाजूला येते, हे सांगितलं.

आठवडा भरला. डॉक्टरबाईने वायरमनला कुशीवर करून डाग बघितला, बोट दाबलं, उचललं, परत दाबलं. ताई पलंगाची कड धरून उभ्या होत्या. "फिकट झालाय," डॉक्टरबाई म्हणाली. "बघा ताई, तुम्ही बघा. दाबल्यावर पांढरा पडतोय. तुमची नवी गादी लागू पडली."

"नवं काही नाही तिच्यात," ताई म्हणाल्या. "मी बिघडवण्याच्या आधी होती तशीच केलीय." पण कशाने फिकट झाला ते त्यांना कळलं नव्हतं आणि विचारायचीही सोय नव्हती, कारण वायरमन शेजारीच होता आणि चेहऱ्यावर साळसूद भाव आणून छताकडे बघत होता.

न राहवून त्या संध्याकाळी ताई परत तो जिना चढल्या. गादी नीट बसलीय का बघायचंय, असं कारण मनात तयार ठेवलं होतं. दार लोटलेलंच होतं.

आतलं चित्र तेच. तो खुर्चीत, ती खाली, चाकाला टेकून, डोळे मिटलेले. वायरमनने ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटीने स्टूल दाखवलं. ताई बसल्या. खिडकीखालच्या टेबलावर कुणाचा तरी पंखा पाती काढून ठेवलेला होता.

फोन थरथरला.

बायको झोपेत कण्हावं तशी कण्हली, चाकावरून मान काढली, पुढे झाली आणि गुडघ्यांवर डोकं टेकून तशीच झोपून राहिली. वायरमनने झटकन दोन्ही हात रोवले आणि अंग उचललं. खुर्ची करकरली. त्याने मनात आकडे मोजत अंग वर धरलं, दंडाच्या शिरा फुगल्या, मग सावकाश खाली ठेवलं आणि डावा हात परत खाली लोंबता सोडला. तशी ती झोपेतच मागे सरकली आणि डोकं बरोबर त्याच्या तळव्यावर येऊन टेकलं.

वायरमन ताईंकडे वाकून कुजबुजला. चेहरा नुसता उजळला होता. "हल्ली झोपेत सरकायला लागलीये. बरोबर वेळेवर! तेवढ्यात मी उरकून घेतो. हिला पत्ताही नाही."

गादीताईंनी खाली बघितलं. बाईचा एक डोळा किलकिला झाला, ताईंकडे बघून परत मिटला.

"नशीबवान आहात," ताई कुजबुजल्या.

निघायला हवं होतं. बहीण ताट वाढून वाट बघत असणार. पण उठायचं म्हणजे स्टूल वाजणार, आणि गुडघ्यांनाही आता उठायचं नव्हतं. ताईंनी पाठ मागच्या भिंतीला टेकली आणि पुढचा गजर होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.